इनेसच्या थडग्याचा ठसा

१

गुरुवारी संध्याकाळी मुलुंडच्या श्रीरंग वाचनालयात नंदकिशोरने पत्र्याच्या नळीचं झाकण काढलं आणि नळी टेबलावर उलटी केली. तिच्यातून चिमूटभर काजळी पडली. बाकी काही नाही.

"गेला," तो म्हणाला. "वसईचा ठसा गेला."

सुहासिनी टिपणीस वर्गणीदारांच्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. तिने मान वर केली नाही. इतिहासप्रेमी मंडळातलं काही ना काही दर आठवड्याला हरवायचं. कधी छत्री, कधी नकाशा, एकदा तर खुद्द वक्ताच ठाण्याला उतरून बसला होता. मंडळाची बैठक वाचनालयात भरत असल्यामुळे हरवलेलं शोधायचं काम ग्रंथपाल म्हणून आपसूक तिच्याकडे यायचं.

"कपाटात नीट बघ," ती म्हणाली.

"नळीच कपाटात होती, सुहासिनीबाई. नळी आहे, आतला कागद नाही."

मग मात्र तिने शिक्का खाली ठेवला.

गेल्या रविवारी मंडळाची तिघांची सहल वसईच्या किल्ल्यात गेली होती. तटाच्या आतलं ते फिरंग्यांचं जुनं शहर, त्यातलं पडकं कॅथेड्रल आणि कॅथेड्रलच्या जमिनीतल्या थडग्यांच्या फरशा, हे मंडळाचे अध्यक्ष अण्णा दिघे यांचं बावीस वर्षांचं वेड. अण्णा सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले आणि पोर्तुगीज भाषा स्वतःच्या हिमतीवर शिकलेले. त्यातल्या एका फरशीवर त्यांनी १९३१ साली 'इनेस' हे नाव वाचलं होतं. १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईला वेढा घातला, तेव्हा आत अडकलेली सोळा वर्षांची इनेस तापाने गेली, अशी ती कथा. अण्णांनी ती भांडुपपासून घाटकोपरपर्यंतच्या प्रत्येक शाळेत सांगितली होती. त्यावर त्यांची पुस्तिकाही छापून तयार होती. येत्या रविवारी शहरातले एक नामांकित प्राध्यापक वाचनालयात येणार होते आणि त्यांच्यासमोर अण्णा त्या फरशीचा ठसा उलगडून दाखवणार होते. फरशीवर पातळ कागद अंथरून वरून काळं मेण घासायचं; कोरलेली अक्षरं, बुजून डोळ्यांना न दिसणारीसुद्धा, पांढरी उमटतात, तो ठसा. तोवर तो कुणीही उघडायचा नाही अशी अण्णांची सक्त ताकीद होती.

"मग तू का उघडलास?" सुहासिनीने विचारलं.

"फोटो काढायला. वर्तमानपत्रात आधी छापून आला तर गर्दी होईल. अण्णांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते."

अण्णांना बोलावणं गेलं. मंडळाच्या चिटणीस पद्मजाबाई शाळेतून परस्पर आल्या. ठसा त्यांनीच घेतलेला, त्यामुळे त्या रडवेल्या झाल्या होत्या. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोन, एक सुहासिनीकडे, एक अण्णांच्या घरी खुंटीवर.

"हे कपाट मधे कधी उघडं राहिलं होतं?" नंदकिशोरने विचारलं.

सुहासिनीला खोटं बोलता आलं नाही. मंगळवारी जुनी साप्ताहिकं रद्दीत द्यायला तिनेच कपाट उघडलं होतं. एवढ्यात एक वर्गणीदार फाटलेल्या पुस्तकावरून हुज्जत घालायला आला आणि दहा मिनिटं ती तिकडे अडकली. कपाटापाशी तेव्हा फक्त शिपाई होता. गुणाजी.

नंदकिशोरने टेबलावर हात आपटला. "झालं. रद्दीत घातला त्याने. अडाणी माणूस, त्याला काय कळतं."

गुणाजी दाराशीच उभा होता. मालवणकडचा, पन्नाशीचा, गिरणीतल्या कापसाने छाती धरली म्हणून इकडे आलेला. नऊ वर्षं तो वाचनालय झाडत होता.

"बाईनू, मी त्या कागदाक हात लावूक नाय," तो सुहासिनीला म्हणाला. बाकीच्यांकडे त्याने पाहिलं नाही.

अर्ध्या तासात पत्र तयार झालं. नंदकिशोरने सांगितलं, पद्मजाबाईंनी लिहिलं: निष्काळजीपणाबद्दल गुणाजी परब यांस कामावरून कमी करण्यात येत आहे. अण्णांनी सही केली, पण करताना शाई सांडली.

गुणाजीने पत्र सावकाश वाचलं, घडी केली, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला.

कपाट उघडं ठेवणारी मी, सुहासिनीच्या मनात आलं, आणि घरी बसणार तो.

२

शुक्रवारी सकाळी वाचनालय तिला स्वतः झाडावं लागलं. त्यामुळे तिचं डोकं आधीच तापलेलं होतं.

झाडता झाडता तिचं लक्ष पुन्हा त्या नळीकडे गेलं. झाकण घट्ट बसवून नळी जागच्या जागी ठेवलेली होती. रद्दीत घालणारा माणूस नळीसकट घालील. आतला कागद तेवढा काढून, झाकण लावून, नळी फळीवर परत कशाला ठेवील? आत काही नाही हे लवकर कळू नये असं ज्याला वाटतं तोच असं करील.

तरी खात्री करावी म्हणून ती स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे जाऊन आली. मंगळवारचा गठ्ठा अजून सुतळीत बांधलेला होता. तिने तो भर रस्त्यात सोडून पान न् पान पाहिलं. ठसा त्यात नव्हता. रद्दीवाल्याने गठ्ठा परत बांधून देण्यासाठी तिलाच बसवलं.

दुपारी तिने नंदकिशोरला त्याच्या हपिसाबाहेर गाठलं. तो विमा कंपनीत कारकून होता. पुस्तिकेवर आपलं नाव आलं नाही म्हणून महिनाभर अण्णांशी त्याचं बिनसलेलं होतं.

"म्हणजे माझ्यावर संशय?" तो म्हणाला.

"सगळ्यांवर आहे. माझ्यावरसुद्धा. रविवारी वसईला तू काय करत होतास?"

"बाहेर बुरुजाचे फोटो काढत होतो. ऊन उतरायच्या आत काढायचे होते. अण्णांचे गुडघे धरले, ते भूदरवाज्याशी चिंचेखाली बसून राहिले. आत पद्मजाबाई एकट्या होत्या. ठसा घेतला, नळीत घातला, संध्याकाळी आम्ही तिघांनी तो कपाटात ठेवला. मी तो डोळ्यांनी पाहिलेला पण नाही."

"आणि तुला तो हवा होता."

"हवा असता तर पुढच्या रविवारी जाऊन दुसरा घेतला असता ना. दगड काय पळून जातोय?" त्याने घड्याळ पाहिलं. "साहेब ओरडेल. येतो मी."

माणूस उद्धट होता, पण बोलला ते खरं होतं. दगड जागेवर होता. मग ठसा चोरून कुणाला काय मिळणार?

संध्याकाळी ती अण्णांकडे गेली. अण्णा आरामखुर्चीत होते, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर भाषणाचे कागद. खुंटीला कपाटाची किल्ली लटकत होती.

"अण्णा, ही किल्ली कुणी नेली होती का?"

"कोण नेणार? घरात मी आणि सून."

"गुणाजीचं पत्र थोडं थांबवता आलं असतं."

"कमिटीचा निर्णय आहे," अण्णा म्हणाले आणि पुढे चिडून म्हणाले, "आणि एवढं काय त्या ठशाचं? धड तरी होता का तो? कागद सरकलेला, पहिली ओळ दोनदा उमटलेली. अशा कामाला सवयीचा हात लागतो. मी माझ्या टिपणांवरून बोलेन. प्राध्यापकांना तेवढं पुरेल."

त्यांनी तिला फळ्यावर लावायला भाषणाची नवी सूचना दिली. आधीच्या सूचनेत 'वेढ्यातली इनेस, १७३९' असं मोठ्या अक्षरात होतं. नवीत होतं, 'वसईच्या कॅथेड्रलमधील एक शिलालेख'.

"साल कुठे गेलं?" सुहासिनीने विचारलं.

"जागा पुरत नव्हती," अण्णा म्हणाले.

बाहेर पडून तिने दिव्याखाली तो कागद पुन्हा पाहिला. खाली वीतभर जागा कोरी होती.

३

शनिवारी सुहासिनीने वाचनालयाला कुलूप घातलं, पद्मजाबाईंना शाळेतून रजा घ्यायला लावली आणि दोघी वसईला निघाल्या. नवा कागद, मेण आणि पाण्याची कळशी बरोबर होती.

"एवढ्या लांब कशाला पण?" पद्मजाबाईंनी तीनदा विचारलं.

"ठसा नसला तर दगड वाचू. तुम्हा लोकांच्या डोक्यात ही गोष्ट यायला हवी होती."

स्टेशनापासून टांग्याने त्या किल्ल्यापाशी उतरल्या. भूदरवाज्याची वाट आत शिरल्यावर एकदम वळते, शत्रूचा हत्ती धाव घेऊ नये म्हणून. पुढे एक अख्खं शहर रानात बुडालेलं होतं. छपरं नसलेले वाडे, कमानीत वाढलेले वड, एका मठाच्या ओवरीत वाळत घातलेली जाळी. सुहासिनी इथे पहिल्यांदाच येत होती. अण्णांची बडबड इतकी वर्षं ऐकून तिला या जागेचा वीट आला होता. आता मात्र ती दोनदा आपसूक थांबली. कॅथेड्रलचा बुरूज झाडांच्या वर दिसला, तेव्हा तिसऱ्यांदा.

आत छप्पर नव्हतंच. वर आभाळ, खाली गवत आणि गवतात थडग्यांच्या फरशा. इनेसची फरशी वेदीच्या बाजूला होती. अक्षरांत चुना आणि माती जवळजवळ काठापर्यंत बसलेली. वरवर पाहता 'इनेस' तेवढं वाचता येत होतं आणि शेवटच्या ओळीत 'नोव्ह'.

"नोव्ह म्हणजे नऊ," पद्मजाबाई म्हणाल्या. "अण्णांनी सांगितलंय. त्याच्या आधी 'तीस आणि' असणार."

"असणार म्हणजे? दिसतंय का?"

पद्मजाबाईंनी कळशी पुढे ओढली.

त्यांनी पाणी ओतलं आणि काडीने एकेक अक्षर कोरून साफ केलं. सुहासिनीच्या नखात चुना गेला, कंबर मोडून आली. मग पद्मजाबाईंनी कागद अंथरला. चारही कोपऱ्यांवर त्या दगड ठेवू लागल्या.

"हे आधी सुचलं असतं तर," त्या पुटपुटल्या.

"काय?"

"मागच्या वेळी वारा आला आणि कागद सरकला, हो. पहिली ओळ झाली होती, ती पुन्हा वर उमटली. दुसरा कागद नव्हता. लाज वाटली म्हणून न वाचता तसाच गुंडाळला, कुणाला बोलले नाही. म्हटलं, रविवारी उघडतील तेव्हा काय ते ऐकून घेऊ."

सुहासिनीने हातातली काडी खाली ठेवली.

"कुणालाच नाही? अण्णांनाही?"

"अण्णांना तर मुळीच नाही. केवढे चिडले असते."

४

गावातल्या चर्चमधले म्हातारे पाद्री व्हरांड्यात बसून शेंगा सोलत होते. सुहासिनीने उतरवून घेतलेली अक्षरं त्यांनी डोळ्यांजवळ नेली आणि बोट ठेवून वाचली.

"इथे विसावली इनेस. व्यूवा, म्हणजे विधवा. पुढे नवऱ्याचं नाव झिजलंय. मिल सेतेसेंतुश ई देझानोव्ह. सतराशे एकोणीस."

"एकोणचाळीस नाही?"

"देझानोव्ह, बाई. एकोणीस. एक शब्द आहे, तोडून वाचायचा नाही."

परतीच्या वाटेवर पद्मजाबाई सारखं काही विचारत होत्या आणि सुहासिनी उत्तर देत नव्हती. तिच्या डोक्यात सगळं एका ओळीत उभं राहिलं होतं आणि ते तसं राहिलं याचा तिला मनस्वी संताप येत होता. नंदकिशोर निघाला असता तर बरं झालं असतं. कुणी परका चोर असता तर आणखी बरं.

रविवारी सकाळी आठ वाजता ती अण्णांच्या दारात उभी राहिली. भाषण दहाला होतं. अण्णांनी काळा कोट चढवला होता.

"अण्णा, ठसा कुठे आहे?"

"मला काय माहीत?"

"पहिली ओळ दोनदा उमटली हे तुम्हाला कसं माहीत?"

अण्णांनी चष्म्याची दांडी सारखी केली. "पद्मजाने सांगितलं असेल."

"त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. नंदकिशोर बाहेर होता, तुम्ही चिंचेखाली. ओळ पाहायची तर नळी उघडायला हवी. सोमवारी वाचनालय बंद असतं. हॉलची किल्ली अध्यक्ष म्हणून तुमच्याकडे, कपाटाची खुंटीवर. रविवारपर्यंत दम निघाला नाही, एकट्याने आधी बघावंसं वाटलं, इथवर मला समजतं. मीही बघितलं असतं."

अण्णांनी कोटाचं बटण लावलं.

"मग मी विचार केला, ठसा पळवून फायदा कुणाला? दगड तिथेच आहे, महिनाभराने कुणीही दुसरा ठसा घेईल. म्हणजे ज्याला फक्त हा एक रविवार निभवायचा आहे त्याचं हे काम. नळी परत ठेवली ती त्यासाठीच. आज सगळ्यांसमोर ती रिकामी निघाली असती, हळहळ झाली असती आणि तुम्ही टिपणांवरून बोलला असता. नंदकिशोरने आधी उघडून घोटाळा केला. आणि बावीस वर्षं घोकलेलं साल तुम्ही सूचनेतून काढलंत, कारण खोटं छापवेना. काल मी वसईला जाऊन आले. सतराशे एकोणीस. वेढ्याच्या वीस वर्षं आधी. आणि ती विधवा होती."

अण्णांनी आत जाऊन गादीखालून कागद काढला. त्यांनी तो जाळला नव्हता, फाडलाही नव्हता.

"तेव्हा ठसा घेतला नव्हता, नुसत्या डोळ्यांनी वाचलं. अक्षरं चुन्याने भरलेली होती," ते म्हणाले. "मला जे दिसावंसं वाटत होतं ते दिसलं."

"आणि सोळा वर्षं?"

"वय दगडावर नव्हतंच. ते मी घातलं. शाळेतली पोरं रडायची, सुहासिनी. इतिहासाच्या तासाला झोपणारी पोरं." त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. "कपाटाच्या मागे सापडला असं सांग. गुणाजीला आजच परत घेऊ. माझी एवढी लाज राख."

क्षणभर तिला ते पटलंही. म्हातारा माणूस होता आणि सगळं गोडीने मिटलं असतं. मग तिच्या ध्यानात आलं.

"कपाटामागे सापडला म्हणजे गुणाजीने तिथे नीट झाडलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा दोष त्याचाच. नाही अण्णा. तुम्हीच सांगायचं. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मला नीट सांगता येत नाही. मी फार चिडलेली आहे."

५

हॉल भरला होता. सुहासिनी स्वतः जाऊन गुणाजीला त्याच्या खोलीवरून घेऊन आली होती. तो यायला तयार नव्हता. शेवटी इस्त्रीचा सदरा घालून आला आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

अण्णांनी टेबलावर ठसा उलगडला. नंदकिशोर ताडकन उभा राहिला, पद्मजाबाईंनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी आधी दगड वाचला, एकेक शब्द, खरं साल धरून. मग चष्मा काढून म्हणाले, "हा ठसा चोरीला गेला नव्हता. मी घरी नेला होता. माझी चूक झाकायला. आळ दुसऱ्यावर आला आणि मी त्यावर सही केली."

कुणी टाळी वाजवली नाही. प्राध्यापक पुढे वाकून ठसाच पाहत होते. सतराशे एकोणीस सालची इतकी स्पष्ट फरशी म्हणजे चांगलीच गोष्ट आहे, असं ते म्हणाले. अण्णांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही.

लोक पांगल्यावर कमिटी गुणाजीभोवती जमली. नंदकिशोरने किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. "घे रे बाबा. झालं गेलं विसरून जा."

गुणाजीने हात पुढे केला नाही. "काडून टाकलास ता लिवून दिलास," तो म्हणाला. "आता परत घेतास ता पण लिवून देवा."

पद्मजाबाईंनी लगेच कागद घेतला, घाईघाईने दोन ओळी खरडल्या, तिघांनी सह्या केल्या. गुणाजीने कागद खिडकीशी नेऊन ओठ हलवत वाचला. वाचता वाचता त्याचं बोट एका शब्दावर थांबलं.

"ह्या काय? 'गैरसमजामुळे'."

"म्हणजे चुकून झालं असं," नंदकिशोर म्हणाला. "लिहायची पद्धत आहे रे, सगळीकडे असंच लिहितात."

"गैरसमज तुमचो झालो आसात. अण्णांचो नाय. अण्णांका ठावक होता." त्याने कागद टेबलावर ठेवला. त्याचा आवाज चढला नव्हता. "माज्या चेडवान माका इचारल्यान, बाबा, तू खरंच हरवलंस काय? तिका ह्या दाखवूचा हा. जा घडला ता लिवा."

नंदकिशोर काही बोलणार होता. सुहासिनीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

अण्णांनी कोरा कागद मागून घेतला. ते खुर्चीत बसले आणि स्वतःच्या हाताने लिहू लागले. ठसा अध्यक्षांनी नेला होता. ते ठाऊक असूनही त्यांनी गुणाजी परब यांच्यावर आळ येऊ दिला. गुणाजी परब यांचा काहीही दोष नव्हता. या वेळी शाई सांडली नाही. खाली पूर्ण नाव लिहून त्यांनी तारीख घातली, कागद फुंकून वाळवला आणि उठून दोन्ही हातांनी गुणाजीला दिला.

गुणाजीने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि मग जुडगा उचलला.

"उद्या सुट्टी," तो सुहासिनीला म्हणाला. "मंगळवारी येतंय, बाईनू."

तो गेला. हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या. त्याला मागे बोलवायची कुणाची हिंमत झाली नाही. सुहासिनीने पदर खोचला आणि पहिली खुर्ची उचलली. थोड्या वेळाने काळा कोट काढून अण्णांनी दुसरी उचलली. त्यांचे गुडघे दुखत होते हे तिला माहीत होतं, पण तिने त्यांना बसा म्हटलं नाही.